लघवी तपासली, पण कशासाठी?

प्रसूतिगृहाच्या ओपीडीत सकाळी एक ठरलेले दृश्य दिसते. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात प्लास्टिकची छोटी डबी आणि स्वच्छतागृहासमोर गर्भवतींची रांग. डबी खिडकीत दिली जाते, सिस्टर तिच्यात एक रंगीत पट्टी बुडवतात, दोन मिनिटांत फाइलवर दोन अक्षरे उमटतात. घरी आल्यावर सासू किंवा आई विचारते, ‘लघवी तपासली ना? बरे आहे ना सगळे?’ ‘हो, नॉर्मल आहे.’ विषय तिथे संपतो.

खरे तर तो तिथून सुरू व्हायला हवा. त्या पट्टीने बहुतेक वेळा दोनच गोष्टी पाहिलेल्या असतात. लघवीतून अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, जाते आहे का आणि साखर जाते आहे का. पहिलीवरून रक्तदाबाच्या गुंतागुंतीचा सुगावा लागतो, दुसरीवरून मधुमेहाची शंका येते. दोन्ही तपासण्या मोलाच्या आहेत. पण मूत्रमार्गात जिवाणू वाढताहेत का, हे त्या पट्टीला कोणी विचारलेलेच नसते. म्हणून तिने ते सांगितलेलेही नसते.

गरोदरपणातले काही जिवाणूसंसर्ग विलक्षण गुपचूप राहतात. आईला दुखत नाही, खुपत नाही, ताप नसतो. त्रास होतो तो थेट मूत्रपिंडाला किंवा पोटातल्या बाळाला. असे संसर्ग तक्रारीची वाट न पाहता शोधावे लागतात. त्यातले कोणते सर्वांमध्ये शोधायचे, कोणते काहींमध्येच आणि कोणत्या तपासणीवर पैसे घालवायचे नाहीत, हे गर्भवतीला आणि तिच्या घरच्यांना ठाऊक असेल, तर डॉक्टरांसमोरच्या त्या पाच मिनिटांत नेमके प्रश्न विचारता येतात.

जळजळ नसलेली उन्हाळी

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. मग धण्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे सरबत सुरू होते. पाणी पोटात जाते ते चांगलेच, पण या नावानेच सारा दोष उष्णतेवर जातो आणि जिवाणू नामानिराळे राहतात. गर्भवतीला जळजळ होत असेल, वारंवार जावे लागत असेल, लघवी लालसर दिसत असेल, तर घरगुती उपायांवर आठवडा घालवू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नमुना द्यावा.

मात्र अधिक फसवा प्रकार जळजळ नसलेला. शंभर गर्भवतींमागे साधारण २ ते १० जणींच्या लघवीत कसलीही तक्रार नसताना भरपूर जिवाणू सापडतात. बहुतेक वेळा ते ई. कोलाय, म्हणजे आतड्यात एरवी निमूट राहणारे जिवाणू असतात. गरोदर नसलेल्या निरोगी स्त्रीत अशा जिवाणूंकडे डॉक्टर सहसा दुर्लक्ष करतात. गरोदरपणात मात्र शरीराची रचनाच त्यांच्या मदतीला येते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळ्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा त्यांच्यावर दाब पडतो आणि लघवी पुढे सरकायला वेळ लागतो. साचलेल्या लघवीत जिवाणू वाढतात आणि वर मूत्रपिंडापर्यंत पोचतात. गर्भाशय उजवीकडे किंचित कललेले असते, त्यामुळे उजवी बाजू अधिक वेळा सापडते.

या गोष्टीचा छडा लावला तो बोस्टन सिटी हॉस्पिटलमधल्या डॉ. एडवर्ड कास यांनी, १९५० च्या दशकात. त्यांच्यासमोरचा पेच साधा पण चिवट होता. लघवी बाहेर येताना त्वचेला लागतेच, मग सापडलेले जिवाणू आतले की बाहेरचे, हे ओळखायचे कसे? कास यांनी ते मोजायला घेतले. एका मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा त्याहून अधिक जिवाणू असतील, तर ते बाहेरून लागलेले नसून आत वाढणारे आहेत, असे त्यांनी दाखवले. आजही पुण्या-नागपुरातल्या प्रयोगशाळेच्या अहवालावर जो एक लाखाचा आकडा दिसतो, त्याचे मूळ तिथे आहे. पुढे त्यांनी गर्भवतींमध्ये हाच शोध घेतला. उपचाराविना राहिलेल्या अनेकींना मूत्रपिंडाचा संसर्ग झाला आणि औषध मिळालेल्यांत तो जवळपास कोणालाच झाला नाही.

धोका नेमका किती, यावर मतभेद आहेत. जुन्या अभ्यासांत उपचार न झालेल्या शंभर जणींपैकी २० ते ४० जणींना मूत्रपिंडाचा संसर्ग झाल्याचे दिसते. नेदरलँड्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण फक्त २.४ टक्के निघाले. पण त्या स्त्रिया निवडक होत्या. पोटात एकच बाळ, मधुमेह नाही, गुंतागुंत नाही, शिवाय दवाखाना हाताशी. जिचे हिमोग्लोबिन आठ-नऊवर रेंगाळले आहे आणि जिच्या गावाहून ग्रामीण रुग्णालयाला जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, तिला हा दिलासा जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत गर्भवतींसाठी ही तपासणी आणि उपचार सुचवले आहेत. सल्ला आजही त्याच बाजूने द्यायला हवा.

संसर्ग मूत्रपिंडात पोचला, तर चित्र झपाट्याने पालटते. हुडहुडी भरून ताप येतो, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला ठणका लागतो, उलट्या होतात, अन्नपाणी ठरत नाही. वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात, जंतू रक्तात पसरू शकतात. अशा वेळी तापाची गोळी घेऊन रात्र काढायची नसते. तडक रुग्णालय गाठायचे असते, कारण इथे सलाइनमधून प्रतिजैविके द्यावी लागतात.

‘कल्चर’ हा शब्द वापरावा

लघवीच्या तपासणीचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि घोटाळा इथेच होतो. एक ती पट्टी. काही पट्ट्यांवर अल्ब्युमिन-साखरेखेरीज नायट्राइट आणि पांढऱ्या पेशींचे चौकोन असतात, त्यांवरून संसर्गाचा अंदाज येतो. पण ते चौकोन कोरे राहिले म्हणून जिवाणू नाहीतच, असे म्हणता येत नाही. दुसरी ‘रूटीन’ तपासणी. यात सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशी मोजतात. लक्षणांविना वाढणारे जिवाणू तिच्याही हातून अनेकदा निसटतात. तिसरी कल्चर. हिच्यात लघवीचा थेंब पोषक थरावर पसरून, उबेत ठेवून, जिवाणू प्रत्यक्ष वाढतात का ते पाहतात. वाढले तर कोणते, किती आणि कोणत्या औषधाने मरतात हेही कळते. त्याला दोन-तीन दिवस लागतात.

विश्वासार्ह तपासणी ही तिसरी. जिथे कल्चरची सोय नाही, तिथे पट्टीपेक्षा ग्रॅम पद्धतीने रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे बरे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तेव्हा पहिल्याच भेटीत, किंवा साधारण १२ ते १६ आठवड्यांदरम्यान, गर्भवतीने सरळ विचारावे, ‘डॉक्टर, लघवीचे कल्चर करायचे का?’ यात डॉक्टरांचा अवमान नाही. गर्दीच्या ओपीडीत असा प्रश्न उलट उपयोगी पडतो.

कल्चर निर्दोष आले आणि इतर धोका नसेल, तर ते बहुधा पुन्हा करावे लागत नाही. पूर्वी वारंवार मूत्रसंसर्ग झालेली, मधुमेह असलेली, मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असलेली स्त्री मात्र वेगळ्या गटात मोडते. सिकलसेलचा दोष असलेल्या स्त्रीचेही तसेच. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात हा दोष बऱ्याच कुटुंबांत आहे. तिथल्या गर्भवतीने आपल्या सिकलसेल कार्डाचा रंग डॉक्टरांना आपणहून सांगावा. अशा स्त्रियांचे कल्चर गरोदरपणात पुन्हा करण्याचा निर्णय डॉक्टर घेतात.

नमुना कसा दिला, यावर अर्धी तपासणी अवलंबून असते आणि हेच कोणी नीट सांगत नाही. डबी प्रयोगशाळेची, निर्जंतुक, झाकण न उघडलेली असावी. घरातली धुतलेली बाटली चालत नाही, मग ती कितीही स्वच्छ दिसो. आधी हात साबणाने धुवावेत. मग जागा नुसत्या पाण्याने पुढून मागे अशी धुवावी. डेटॉल किंवा सॅव्हलॉन वापरू नये, ते डबीत गेले तर जिवाणूच मरतात आणि अहवाल खोटाच निर्दोष येतो. पहिली धार भांड्यात सोडून द्यावी, मधली धार डबीत घ्यावी, शेवटची पुन्हा सोडावी. झाकणाच्या किंवा डबीच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. पोट मोठे झाल्यावर हे सारे अवघड जाते, सोबत आलेल्या बाईची मदत घ्यायला लाजू नये. डबी तासा-दोन तासांत प्रयोगशाळेत पोचावी. तेवढ्यात पोचणार नसेल, तर पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि त्याच दिवशी द्यावी. उन्हात दुचाकीच्या डिकीत दोन-तीन तास राहिलेल्या डबीतून फक्त गोंधळ हाती येतो, कारण वाटेतच जिवाणू कैक पटींनी वाढलेले असतात.

आणखी एक. प्रतिजैविकाची पहिली गोळी नमुना दिल्यानंतर घ्यावी. आधी घेतली, तर कोणता जिवाणू होता हे कायमचे गुलदस्त्यात राहते.

अहवाल हातात आला की काही शब्द ओळखता यावेत. ‘नो ग्रोथ’ म्हणजे काही वाढले नाही. ‘मिक्स्ड ग्रोथ’ म्हणजे बरेच प्रकार एकत्र वाढले. हा बहुधा नमुना नीट न घेतल्याचा पुरावा, त्यावर औषध घेण्याऐवजी नमुना पुन्हा द्यावा लागतो. एकच जिवाणू आणि एक लाखाच्या वर संख्या असेल, तर तो खरा. त्याखाली औषधांची लांब यादी असते आणि प्रत्येकापुढे ‘एस’ किंवा ‘आर’. ‘एस’ म्हणजे या औषधाला जिवाणू बधतो, ‘आर’ म्हणजे बधत नाही. आपल्याकडे ‘आर’ची संख्या काळजी वाटावी इतकी वाढली आहे. गल्लीतल्या मेडिकलमधून चिठ्ठीविना उचललेल्या गोळ्यांनी ई. कोलायला पुष्कळ सराव दिलेला आहे.

‘एस’ असलेले प्रत्येक औषध गर्भवतीला चालतेच असे नाही. डॉक्सिसायक्लिन बाळाच्या दातांना आणि हाडांना घातक. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे गरोदरपणात टाळतात. नायट्रोफ्युरँटॉइन मधल्या महिन्यांत उपयोगी पडते, पण बाळंतपण तोंडावर आल्यावर देत नाहीत, कारण नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे मात्र अनेक दशके गर्भवतींना दिली जात आहेत. निवड डॉक्टरांची. गर्भवतीने दोन गोष्टी सांभाळायच्या. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले किंवा धाप लागली, ते सांगायचे. आणि दिलेला कोर्स, जो साधारण ७ दिवसांचा असतो, अर्ध्यावर सोडायचा नाही. ‘त्रास तर काहीच नव्हता, मग एवढ्या गोळ्या कशाला’ हा विचार तिसऱ्या दिवशी हमखास येतो. कोर्स संपल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी कल्चर पुन्हा करून जिवाणू गेले की नाही, हे पाहून घ्यावे.

व्हीडीआरएल नावाचे चार अक्षरी ओझे

पहिल्या भेटीत रक्त घेतात, त्यातून हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही आणि कावीळ बी यांच्यासोबत आणखी एक तपासणी होते. जुन्या कागदांवर ती ‘व्हीडीआरएल’ म्हणून लिहिलेली असते. आता अनेक सरकारी केंद्रांत बोटाच्या टोकावरच्या थेंबातून एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही एकाच पट्टीवर पाहतात आणि उत्तर तासाभरात मिळते.

सिफिलिस म्हणजे बोलीत गरमी, ग्रंथांत उपदंश. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने आपल्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात त्याला ‘फिरंग’ रोग म्हटले, फिरंग्यांसोबत आलेला म्हणून. गोव्यात पोर्तुगीज स्थिरावले ते हेच शतक. हा इतिहास इतका जुना आहे, की अनेकांना रोगही इतिहासजमा झाला असे वाटते. तो झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे ११ लाख गर्भवतींना सिफिलिस होता आणि त्यातून ३ लाख ९० हजारांहून अधिक गर्भांचे वा बाळांचे नुकसान झाले. कुठे पोटातच मृत्यू, कुठे अपुऱ्या दिवसांचा जन्म, कुठे हाडे, यकृत, डोळे यांना जन्मजात इजा.

आईला बहुधा काहीच जाणवत नाही. सुरुवातीची न दुखणारी जखम आपोआप भरते, पुढचे पुरळही मावळते आणि जिवाणू वर्षानुवर्षे शरीरात लपून राहतो.

यातली सर्वांत मोठी अडचण मनातली आहे. ‘माझ्यावर संशय घेताय का?’ हा प्रश्न कधी ओठांवर येतो, कधी डोळ्यांत दिसतो. म्हणून सिस्टरांनी आणि आशाताईंनी आधीच सांगावे, की ही तपासणी प्रत्येक गर्भवतीची होते. कलेक्टरबाईंची होते आणि शेतमजूर बाईचीही होते. संसर्ग बहुतेक वेळा नवऱ्याकडून आलेला असतो आणि घरात बोल मात्र तिलाच लागतो. अहवाल ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आला, तर तो चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

पहिली तपासणी ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आली म्हणजे रोग नक्की, असेही नाही. व्हीडीआरएल ही तपासणी कधी कधी गरोदरपणामुळे किंवा दुसऱ्याच आजारामुळे फसवे उत्तर देते, म्हणून टीपीएचएसारखी दुसरी तपासणी करून खात्री करतात. पण खात्रीची वाट पाहत उपचार लांबवायचा नसतो. जी पुन्हा येईल याची शाश्वती नाही, तिला त्याच दिवशी इंजेक्शन देणे शहाणपणाचे.

उपचार जुना, स्वस्त आणि आश्चर्य वाटावे इतका परिणामकारक आहे. कमरेत बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट. संसर्ग ताजा असेल, तर एकदा. जुना असेल किंवा कधीचा आहे हे ठाऊक नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. पोटातल्या बाळापर्यंत पोचून त्याला बरे करील असे खात्रीचे दुसरे औषध नाही. म्हणूनच पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या गर्भवतीलाही मोठ्या रुग्णालयात टप्प्याटप्प्याने सवय करून तेच देतात. इंजेक्शन बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी मिळायला हवे. सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदा नाव नोंदवणारीच्या हातून नेमका हाच वेळ निसटतो. नवऱ्याची तपासणी आणि उपचार त्याच आठवड्यात झाला नाही, तर ती पुन्हा बाधित होते. ज्यांच्या घरात धोका कायम आहे, त्यांची तपासणी शेवटच्या तिमाहीत पुन्हा करतात.

हे अशक्य काम नव्हे. आईकडून बाळाला होणारा सिफिलिस आणि एचआयव्ही थांबवल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मोहोर क्यूबाने २०१५ साली मिळवली, थायलंडने २०१६ मध्ये, आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेने २०१९ मध्ये. यातला कोणीही श्रीमंत देशांच्या पंगतीतला नाही.

न्यू जर्सीतली वहिनी, लंडनमधली नणंद

लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून अमेरिकेला गेलेल्या आईला तिथे एक नवीन शब्द ऐकू येतो: ‘जीबीएस’. छत्तीसावा आठवडा संपला, की तिथे प्रत्येक गर्भवतीच्या योनीच्या खालच्या भागातून आणि गुदद्वारातून कापसाच्या काडीने नमुना घेतात. शोध असतो ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ या जिवाणूचा.

याची पहिली ओळख गोठ्यातली. गायींच्या कासदाहात तो सापडे, दूध आटवी, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातच ‘दुधाचा अभाव’ असा अर्थ आहे. स्ट्रेप्टोकोकसांच्या जातकुळ्या वेगळ्या काढून त्यांना अ, ब, क अशी अक्षरे देण्याचे काम रेबेका लान्सफील्ड या संशोधक बाईंनी न्यूयॉर्कमध्ये केले, १९३३ साली. माणसाच्या आतड्यात आणि योनिमार्गात हा जिवाणू काही त्रास न देता येऊन-जाऊन राहतो. तो स्वच्छतेच्या अभावाने येत नाही आणि तो नवऱ्याकडूनच आला असेही नाही. पण बाळंतपणात तो बाळाला लागला, तर क्वचित, शंभरात एखाद-दुसऱ्या बाळाला, पहिल्या काही तासांतच न्यूमोनिया, रक्तातला संसर्ग किंवा मेंदूज्वर होतो.

अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दर हजार जिवंत जन्मांमागे जवळपास १.८ बाळांना पहिल्या आठवड्यात हा आजार होई. १९९६ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या, २००२ मध्ये सरसकट तपासणी सुरू झाली, आणि २०१५ पर्यंत हे प्रमाण ०.२३ वर आले. उपाय म्हणजे कळा सुरू झाल्यावर आईच्या शिरेतून पेनिसिलिन, शक्यतो बाळ जन्मण्याच्या चार तास आधी. नवव्या महिन्यात गोळ्या खाऊन उपयोग नाही, जिवाणू परत येतो. ठरवून केलेले सिझेरियन असेल, कळा नसतील आणि पाणमोट शाबूत असेल, तर या औषधाची गरज पडत नाही.

लंडनमधल्या नणंदेला मात्र ही काडी कोणी दाखवत नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सर्वांची तपासणी करत नाही, धोका दिसेल तिलाच औषध देते. दोघींनी फोनवर टिपणे जुळवली की एकीला वाटते आपल्याकडे निष्काळजीपणा होतो आहे, दुसरीला वाटते आपल्यावर उगाच खर्च होतो आहे. दोन्ही पद्धतींमागे विचार आहे.

भारतातही सरसकट तपासणी नाही, आणि त्याला कारण आहे. दक्षिण आशियात हा जिवाणू बाळगणाऱ्या गर्भवतींचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळते. आपल्या नवजात अतिदक्षता विभागांत क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांनी अधिक बाळे दगावतात. त्यांच्याशी झगडायचे ते हातांची स्वच्छता, स्वच्छ प्रसूतिकक्ष आणि जपून वापरलेली प्रतिजैविके यांनी. तरीही पुढच्या गोष्टी आपल्या गर्भवतीने डॉक्टरांना आठवणीने सांगाव्यात. मागच्या बाळाला हा संसर्ग झाला होता का. या गरोदरपणात लघवीच्या कल्चरमध्ये हा जिवाणू दिसला होता का. पाणी गेले असेल, तर किती वाजता गेले, कारण अठरा तास उलटले की धोका वाढतो. सदतिसावा आठवडा पुरा होण्याआधी कळा आल्या किंवा कळांमध्ये ताप चढला, तरी डॉक्टर औषधाचा विचार करतात.

पांढरे जाणे आणि न बोलणे

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनी जगाला दचकवले. ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग होता, त्यात संसर्गांचा वाटा मोठा होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. इतक्या जणी काही न बोलता जगत होत्या, हा त्यातला सर्वांत दुखरा भाग. आज दवाखाने वाढले, रस्ते झाले, पण ‘अंगावरून जाते’ हे वाक्य अजूनही डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचता पोचता गळून पडते.

गरोदरपणात पांढरे पाणी थोडे जास्त जाणे स्वाभाविक आहे. त्याला मासळीसारखा वास येत असेल, रंग पिवळा-हिरवा असेल, खाज किंवा जळजळ असेल, रक्ताची छटा असेल, तर ते सांगायलाच हवे. नवऱ्याला लघवीच्या जागी जखम किंवा स्राव असेल, तर तेही. परमा आणि क्लॅमिडिया हे संसर्ग जन्मताना बाळाच्या डोळ्यांत उतरू शकतात.

तक्रार नसलेल्या, धोका नसलेल्या गर्भवतीची मात्र योनिमार्गातल्या जिवाणूंच्या बिघाडासाठी सरसकट तपासणी करण्यात अर्थ नाही. फ्रान्समधल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा स्त्रियांना औषध देऊनही वेळेआधीची बाळंतपणे कमी झाली नाहीत. असाच दुसरा खर्च ‘टॉर्च’ पॅनेलचा. एखादा गर्भपात झाला की आपल्याकडे ही महागडी रक्ततपासणी लिहून दिली जाते. तिच्यात बहुतेक विषाणू आणि परोपजीवी पाहतात, आणि जुना, निरुपद्रवी संसर्गही ‘पॉझिटिव्ह’ म्हणून समोर येऊन घराची झोप उडवतो. ठोस कारणाशिवाय ती करू नये. कारण विचारावे, आणि पटले तरच करावी.

क्षयाबद्दल मात्र प्रत्येक भेटीत विचारणा व्हावी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, आणि गरोदर असूनही वजन न वाढणे. यांतले एकही असेल, तर थुंकीची तपासणी करावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. एक्स-रे लागलाच, तर पोटावर शिशाचे आवरण ठेवून काढता येतो. क्षयाची नेहमीची औषधे गरोदरपणात घेता येतात, फक्त स्ट्रेप्टोमायसिन टाळतात कारण त्याने बाळाच्या कानांना इजा होते.

माहेरी जाताना

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. डोहाळजेवण झाले की सातव्या-आठव्या महिन्यात ती सासरहून निघते. हिरव्या बांगड्या, साडी, फुलांचे दागिने, सगळे बरोबर जाते आणि अहवालांची फाइल कपाटात राहते. माहेरचे डॉक्टर नवे, तिथले रुग्णालय नवे. कल्चरमध्ये काय आले होते, कोणते औषध दिले, पेनिसिलिनची किती इंजेक्शने झाली, हे तिला तोंडी सांगता येत नाही. ऐन कळांच्या वेळी रक्त पुन्हा घेतले जाते आणि मोलाचा वेळ जातो. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास बीडहून निघणाऱ्या जोडप्यांचे तर विचारूच नये. तिथे गाव बदलते, जिल्हा बदलतो, फडाजवळ शौचालय नसते, म्हणून बाई पाणीच कमी पिते आणि लघवी तासन्‌तास रोखून धरते. जिवाणूंना याहून सोयीचे काय असेल? निघण्यापूर्वी तिचे कल्चर आणि सिफिलिसची तपासणी उरकून, निकाल माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून देणे, हे गावातल्या आशाताईला करता येण्यासारखे आहे.

प्रत्येक अहवालाचा मोबाइलवर फोटो काढावा आणि तो नवऱ्याच्या, आईच्या फोनवरही पाठवून ठेवावा. कार्डावर औषधाचे नाव, सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख लिहून घ्यावी. अ‍ॅलर्जी असेल, तर ती पहिल्या पानावर, लाल पेनाने.

सरकारी सोयही आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला, चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची तपासणी सरकारी केंद्रांत विनामूल्य होते. रक्त, लघवी, रक्तदाब हे सगळे एका फेरीत. कार्ड, जुने कागद आणि आधीच्या औषधांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत. लघवीची डबी हातात दिली गेली, की सिस्टरांना विचारावे की ही अल्ब्युमिन-साखरेसाठी आहे की कल्चरसाठी. कल्चरसाठी असेल, तर पहिली धार सोडून द्यायची. ९ तारीख रविवारी किंवा सुट्टीला आली, तर शिबिर पुढच्या कामाच्या दिवशी भरते.